गॅसवाल्या दादांना, तीनदा 'नाही' म्हटल्याबद्दल

दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहू का, असं फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही हसत म्हणालात, "नको काकू, नाहीतर अख्खी सोसायटी कंपनीला सोडून मलाच फोन करेल." म्हणून नाव लिहीत नाही. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि खांद्यावर पाइप घेऊन तीन मजले चढलेला माणूस इथे कोणी विसरत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

आभार मानायला बसले आहे, पण आधी माफी मागते. आमच्या पाइपाच्या गॅसचा मीटर हलवायला तुम्ही आलात, त्या मंगळवारी मी तुमच्यावर फार ओरडले. जिन्यात ऐकू जाईल इतकं. तुम्ही खाली उतरताना पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी दार उघडून बघितलं म्हणे.

आमची अवस्था तेव्हा काय होती ते सांगते. लग्नाला गेली आणि बारशाला आली म्हणतात ना, तसं आमचं स्वयंपाकघराचं काम चाललं होतं. पंधरा दिवसांत ओटा नवीन करून देतो म्हणणाऱ्या ठेकेदाराला सव्वा महिना झाला होता. जुना कडाप्पा फोडलेला, टाइल्स निम्म्या लागलेल्या आणि गणपती नऊ दिवसांवर. गॅसचा मीटर खिडकीशेजारी भिंतीवर, नेमका जिथे नवा ओटा वळतो त्या कोपऱ्यात. तो हलल्याशिवाय सुताराला कपाट लावता येईना, आणि कपाट लागल्याशिवाय गवंडी पुढे सरकेना.

मीटर हलवायचा अर्ज मी जुलैतच केला होता. एक साहेब टेप घेऊन आले, मोजून गेले, खर्चाचा आकडा आला, पैसे भरले. त्यानंतर दोनदा वेळ देऊन कोणी आलं नाही. दुसऱ्या वेळी तर संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला की तुमचं काम पूर्ण झालं आहे, सेवेबद्दल तुमचं मत कळवा. मीटर माझ्यासमोर भिंतीवर तसाच लटकत होता! फोनवरच्या मुलीला मी म्हटलं, "बाई गं, मत कळवते, पण ते तुला लिहून घेता येणार नाही."

गॅस तात्पुरता बंद होता आणि स्वयंपाक हॉलमध्ये, इंडक्शनवर. त्याचंही एक रामायण. सासूबाईंचं मोदकपात्र पितळेचं. इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल असंच भांडं लागतं, पितळेला ते ओळखतही नाही. आई रोज एकदा ते मोदकपात्र त्यावर ठेवून बघायच्या, यंत्र टीं टीं करायचं, आणि आई माझ्याकडे बघायच्या. काही बोलायच्या नाहीत. त्या बघण्यानेच माझं डोकं फिरलेलं असायचं.

आणखी एक गोष्ट तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती. तुम्ही यायच्या दोन दिवस आधी आमच्या नळवाल्याने सांगितलं होतं, "ताई, कंपनीची वाट कशाला बघता? अर्ध्या तासात हलवून देतो. वरचा कॉक बंद केला की झालं." मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मीटर कंपनीच्या मालकीचा, त्याला परस्पर हात लावायचा नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण गणपती तोंडावर आले की माणूस काय काय डोळ्यांआड करतो. नळवाल्याच्या मुलाला ताप आला म्हणून तो आला नाही, एवढंच.

आणि मग तुम्ही आलात. सुताराने कागदावर काढलेलं चित्र मी तुमच्यापुढे धरलं. मीटर खाली ट्रॉलीच्या शेजारच्या खणात, वर शटर, म्हणजे दिसायला नको. तुम्ही चित्र नीट बघितलं, खणाच्या जागी वाकून बघितलं आणि म्हणालात, "इथे नाही बसवता येणार."

गवंडी मध्येच म्हणाला, निदान पाइप तरी टाइल्सच्या आत घेऊ या, बाहेरून घाण दिसतो. तुम्ही त्यालाही नाही म्हणालात. पाइप डोळ्यांना दिसला पाहिजे. भिंतीत पुरला की आत गंजला तरी कळत नाही, आणि पुढे कधी कोणी फोटो टांगायला भिंतीत ड्रिल मारलं तर ते सरळ पाइपातच जायचं.

मी विचारलं, मग कुठे? तुम्ही मागच्या गॅलरीत गेलात. उभा पाइप तिथूनच जातो, हवा खेळती, मीटर वाचायला येणाऱ्याला ओट्यावर चढावं लागणार नाही. मला हायसं वाटलं. तेवढ्यात तुमची नजर वॉशिंग मशीनच्या प्लगवर गेली. जिथे मीटर येणार त्याच्या अगदी खाली. "हा प्लग हलवून घ्या. तोपर्यंत मी मीटर लावणार नाही." तिसरं नाही.

तिथे माझा तोल गेला. काय काय बोलले ते आता लिहिण्यासारखं नाही. तुम्हाला काम टाळायचंय, वरचे पैसे हवेत, असंही म्हणाले. त्याबद्दल हात जोडून माफी. तुम्ही उलट बोलला नाहीत. खिशातून पेन्सिल काढून गॅलरीच्या भिंतीवर मीटरची चौकट आखलीत, प्लग कुठे न्यायचा तिथे फुली मारलीत, आणि गेलात. काम झालं नाही की त्या फेरीचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत, हे मला गुरुवारी तुमच्या मदतनीस पोराकडून कळलं. तो सहज बोलून गेला. त्या एका वाक्यानंतर माझ्या हातातला चहाचा ट्रे जड झाला.

गुरुवारची गोष्ट आई अजून सगळ्यांना सांगतात. इलेक्ट्रिशियनने प्लग हलवला होता. तुम्ही जुना पाइप काढायला घेतलात आणि आई खुर्ची ओढून दारात बसल्या. त्यांची चाळीस वर्षं सिलिंडरवर गेली. त्यांचा गॅसचा सगळा अभ्यास त्यावरचा. सकाळी उठल्यावर आधी दार उघडायचं, खाली वाकून वास घ्यायचा, कारण गॅस जमिनीलगत बसतो. त्यांनी तुम्हाला विचारलंच, "अरे, खालच्या खणाला जाळी लावली असती तर चाललं नसतं का?"

तुम्ही पाना खाली ठेवलात आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसलात. "आजी, तुमचं बरोबर आहे, पण सिलिंडरच्या गॅसपुरतं. तो हवेपेक्षा जड, म्हणून खाली बसतो. हा पाइपातला गॅस हलका. हा वर जातो." आणि बोटाने माळ्याकडे दाखवलंत. खालच्या खणातून सुटला असता तर आधी बंद खणात साठला असता, मग फटीतून वर चढून शटर लावलेल्या माळ्यात. हवेत पाचेक टक्के मिसळला की एक ठिणगी पुरते, आणि ठिणगी द्यायला प्लग शेजारीच. आईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे सकाळी आधी खिडकीचा वरचा भाग उघडतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सवय बदलली. मी सत्तावीस वर्षांत त्यांची एक सवय बदलू शकलेले नाही.

मग तो गंज. ओट्यावरचा आडवा पाइप काढल्यावर तुम्ही स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पिवळा रंग खरवडलात आणि खालून तांबूस पापुद्रे पडले. "इथे काय वाळत घालता?" मी आणि आई एकमेकींकडे बघायला लागलो. ओटा पुसायचं फडकं! बारा वर्षं रोज रात्री ते ओलं फडकं आम्ही त्या पाइपवर वाळत टाकत होतो. इतकी सोयीची जागा, जणू त्यासाठीच लावलेली. पाइपला गळती नव्हती, ते तुम्ही आधीच तपासलं होतं. पण तो तुकडा तुम्ही परत लावला नाहीत. नवा कापला, आटे पाडले, टेप गुंडाळली. नळवाल्याने अर्ध्या तासात मीटर हलवला असता तर हाच पाइप वळवून पुन्हा लावला असता, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. तो तुकडा मी मागून घेतला. फेकलेला नाही, कोणी फडकं टांगायला लागलं की दाखवते.

गॅलरीतून स्वयंपाकघरात भोक पाडताना तुम्ही आधी एक मोठ्या तोंडाचा पाइपाचा तुकडा भिंतीत बसवलात आणि गॅसचा पाइप त्याच्या आतून नेलात. सिमेंट थेट पाइपला लागू नये म्हणून. गवंड्याला तो नसता उद्योग वाटला. मला तोवर शहाणपण आलं होतं, मी गप्प बसले.

सगळ्यात छान ती पाण्याची नळी. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली, मागे मोजपट्टी. गॅस सोडल्याबरोबर एका बाजूचं पाणी खाली गेलं, दुसऱ्या बाजूचं वर. दोन्हींतलं अंतर एकवीस सेंटीमीटरच्या आसपास. "घरातल्या गॅसला एवढाच दाब असतो," तुम्ही म्हणालात. आईंनी आपली वीत लावून बघितली. वीतभर पाणी! मी आयुष्यभर त्या पाइपला बिचकत आले, आत केवढा जोर असेल म्हणून. वीतभर पाण्याइतका दाब, आणि त्यावर घरोघर कुकरच्या शिट्ट्या होतात. मग कॉक बंद करून आपण सगळे त्या नळीकडे बघत बसलो. दहा मिनिटं. पाणी केसभरही हललं नाही. तरी तुम्ही प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघितलंत. एकाच जोडाला दोनदा लावलात, मी विचारलं तर म्हणालात, "मन नाही भरलं."

पाइपातली हवा बाहेर काढताना वास आला तेव्हा आई घाबरल्या. या गॅसला स्वतःचा वास नसतो, सुटला तर कळावा म्हणून तो मुद्दाम मिसळतात, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि मग चहाबरोबर आईंनी त्यांची गोष्ट काढली. त्यांचं माहेर लालबागचं, गॅस कंपनीच्या गल्लीजवळ. तिथे कोळशापासून गॅस करायचे. मुंबईच्या रस्त्यांवर 1865 साली गॅसचे दिवे लागले, त्या काळातला हा कारभार. आईंचे आजोबा सांगायचे, संध्याकाळी खांद्यावर शिडी घेऊन माणूस यायचा आणि एकेक दिवा लावत जायचा. तुम्ही कप हातात धरून ऐकत होतात आणि तुमचा पोरगा घड्याळ बघत होता. पुढची दोन घरं बाकी होती तुमची. तरी आईंची गोष्ट तुम्ही मध्ये तोडली नाहीत. त्याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत, कारण ती गोष्ट आम्ही घरातली माणसं नेहमी मध्येच तोडतो.

निघताना कागदावर मीटरचा नंबर आणि रीडिंग लिहिलंत, 2163. लाल आकडे सोडायचे, काळेच घ्यायचे, हेही दाखवलंत. आता आईंनी कॅलेंडरवर रीडिंग लिहायला सुरुवात केली आहे, दुधाच्या हिशोबाशेजारी. पहिल्या बिलाच्या वेळी त्यांचा आणि कंपनीचा आकडा जुळला, त्या दिवशी घरात जणू त्यांचा सत्कार होता.

गणपतीला एकवीस मोदक पितळी मोदकपात्रातच झाले. तुम्हाला फोन केला होता, पण तुम्ही गावी, चिपळूणला. म्हणून तुमच्या वाटणीचे मोदक राहिलेत. पुढच्या संकष्टीला या भागात काम असेल तर वर या, जिना आहे हे माहीत असूनही सांगते. उकड आई काढतात, त्यामुळे काळजी नको.

येताना एक बघून जा. गॅलरीबाहेरच्या उभ्या पाइपला वरच्यांनी कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती ना, जी तुम्ही सोडून त्यांच्या हातात नेऊन दिलीत? ती परत बांधली आहे. मी सांगितलं तर ऐकत नाहीत. म्हणतात, गॅसवाल्यांनी सांगू दे.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरच्या काकू
नौपाडा, ठाणे