चि. मुक्तास, प्रवासाच्या बेताविषयी

सातारा,
४ फेब्रुवारी

चि. मुक्ता हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा प्रवासाचा तक्ता मिळाला. परीक्षा संपल्या की पॅरिस, ब्रुसेल्स, ॲम्स्टरडॅम, म्युनिक, व्हेनिस, रोम आणि जमले तर बार्सिलोना अशी शहरे तुम्ही मैत्रिणींनी एका दमात पाहून यावीत असा बेत दिसतो, आणि बाबा निवृत्त झाल्यावर हा खर्च घराला जड तर जाणार नाही ना, असे तू संकोचाने विचारले आहेस. खर्चाचे आधी लिहिते, म्हणजे तो विषय मिटेल. तुझा प्रवास आम्ही तुझ्या शिक्षणातच धरला आहे आणि त्यासाठीची रक्कम बाबांनी तू निघण्यापूर्वीच वेगळी काढून ठेवली आहे. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, दरमहा मिळणारे पैसे राहण्याजेवण्याचे आहेत, त्यांना मात्र हात लावू नकोस. प्रवासाला जरूर जा. मला बोलायचे आहे ते तक्त्याविषयी.

या तक्त्यात बहुतेक रात्री बसमध्ये किंवा गाडीत जातात आणि प्रत्येक शहराच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येतो. सकाळी पाठीवर ओझे घेऊन उतरायचे, दुपारपर्यंत दोन प्रसिद्ध इमारतींसमोर उभे राहायचे आणि संध्याकाळी पुन्हा स्थानक गाठायचे, एवढ्या दगदगीत शहराची तोंडओळखसुद्धा होत नाही. तू जिथे राहतेस त्या ड्रेस्डेनपासून बर्लिन आणि प्राग दोन-अडीच तासांवर आहेत, वायमारही एका दिवसात गाठता येते, आणि गेल्या शतकात युरोपने जे भोगले आणि जे केले ते या चार गावांइतके जवळून फार थोड्या ठिकाणी दिसेल. म्हणून माझे म्हणणे असे की या खेपेला शहरे कमी कर आणि मुक्काम वाढव. पॅरिस आणि रोम कुठे पळून जात नाहीत.

सुरुवात ड्रेस्डेनपासूनच कर, आणि १३ फेब्रुवारीला गावातच थांब. १९४५ साली त्या रात्री ब्रिटिश विमानांनी आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकन विमानांनी शहरावर बाँब टाकले. मृतांचा आकडा नाझी प्रचाराने मुद्दाम फुगवला आणि तो फुगवलेला आकडा पुढे कित्येक वर्षे जगभर फिरत राहिला. इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये तपासाअंती तो जास्तीत जास्त २५,००० असा ठरवला. याच तारखेला नवनाझी मोर्चे काढू लागले, तेव्हा त्यांना उत्तर म्हणून गावकरी २०१० पासून जुन्या शहराभोवती हातात हात घालून मानवी साखळी करतात. स्वतःच्या मृतांसाठी शोक करायचा, पण त्या शोकाचे भांडवल कोणाला करू द्यायचे नाही, हे किती अवघड काम आहे याची कल्पना आपल्यालाही करता येते. त्या साखळीत तू उभी राहावेस असे मला मनापासून वाटते.

फ्राउएनकिर्शे हे चर्च तू रोज येताजाता पाहतेस, पण एकदा उन्हाच्या वेळी त्याच्या भिंतीला अगदी खेटून उभी राहा. ते चर्च हल्ल्यात लगेच पडले नव्हते. आतली आग दोन रात्री धुमसली आणि १५ फेब्रुवारीच्या सकाळी घुमट खाली आला. पूर्व जर्मनीच्या काळात तो ढिगारा तसाच ठेवलेला होता. १९९४ ते २००५ या काळात पुन्हा बांधकाम झाले तेव्हा ढिगाऱ्यातून निघालेले जुने दगड शक्य तिथे त्यांच्या मूळ जागी बसवले. वालुकाश्म जुना होत गेला की काळवंडतो, म्हणून नव्या पिवळसर भिंतीत जुने काळे दगड स्पष्ट ओळखू येतात आणि ते घासून एकसारखे करण्याचा प्रयत्न कोणी केलेला नाही. घुमटावरचा सोनेरी क्रूस ज्या ब्रिटिश कारागिराने घडवला, त्याचे वडील त्या रात्रीच्या हल्ल्यात वैमानिक होते.

त्याच गावात, तुझ्याच विद्यापीठात, व्हिक्टर क्लेम्परर नावाचे प्राध्यापक १९२० पासून फ्रेंच आणि इतर रोमान्स भाषांचे साहित्य शिकवीत. ते ज्यू कुळात जन्मले म्हणून १९३५ मध्ये त्यांची नोकरी गेली. मग एकेक वस्तू आणि एकेक हक्क काढून घेतला गेला: ग्रंथालयात जाणे, टंकलेखन यंत्र, ट्रामचा प्रवास, शेवटी घरचे मांजरसुद्धा, कारण ज्यूंनी प्राणी पाळायचे नाहीत असा हुकूम निघाला आणि त्यांना आपला बोका मारून टाकायला न्यावा लागला. हे सगळे ते रोजनिशीत लिहून ठेवीत, आणि त्यांच्या पत्नी एव्हा ती पाने लपवून पिर्ना गावी एका डॉक्टर मैत्रिणीकडे पोचवीत. पाने सापडली असती तर दोघांचा आणि त्या मैत्रिणीचाही जीव गेला असता. १३ फेब्रुवारी १९४५ रोजी उरल्यासुरल्या ज्यूंना छावणीत नेण्याच्या नोटिसा वाटण्याचे काम क्लेम्परर यांच्याच गळ्यात आले होते. त्याच रात्री शहर पेटले आणि त्या गोंधळात हे पतिपत्नी निसटले. ज्या हल्ल्यात हजारो माणसे जळाली त्यानेच या दोघांना वाचवले, आणि या दोन गोष्टी एकाच रात्रीच्या आहेत हे मनात धरून ठेवायला हवे. रोजनिशीची हस्तलिखिते तुमच्या विद्यापीठाच्या मोठ्या ग्रंथालयात आहेत. तिथे अभ्यासाला बसतेसच, तर त्यांच्याविषयी ग्रंथपालांना विचार.

मग बर्लिनला जा आणि तिथे निदान तीन-चार दिवस राहा. ब्रांडेनबुर्ग दरवाजा आणि भिंतीचे अवशेष तू पाहशीलच, त्याविषयी मी लिहीत नाही. मला तुला बर्लिनच्याच दाहलेम भागात पाठवायचे आहे. भुयारी रेल्वेच्या यू-३ मार्गावर फ्री विद्यापीठाचे स्थानक आहे, तिथून इनेश्ट्रासे २२ ही इमारत पायी जाण्यासारखी आहे. आज तिथे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात, पण १९२७ साली तिथे मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी पुण्याहून इरावती कर्वे तिथे पीएच.डी. करायला आल्या. त्या तेव्हा तुझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर यांना मानवी कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंतल्या फरकाचा संबंध वंशाशी असावा असे वाटत होते आणि तोच विषय त्यांनी इरावतीबाईंना दिला. बाईंनी कवट्या हातात घेऊन एकेकीची मापे घेतली. त्यांत जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतींतून आणलेल्या माणसांच्या कवट्याही होत्या. ही विषमता सगळ्याच माणसांत आढळते, वंशाशी तिचा संबंध लागत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मार्गदर्शकासमोर मांडला.

परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्याच्याच समजुतीविरुद्ध मोजमाप निघाले असता ते जसेच्या तसे लिहायला किती धैर्य लागत असेल, याचा विचार तू करावास. तू स्वतः प्रयोगशाळेत काम करतेस, म्हणून हे तुला माझ्यापेक्षा अधिक कळेल. पुढे त्याच संस्थेने नाझी वंशविचाराला शास्त्राचा मुलामा दिला आणि युद्धकाळात आउशविट्झच्या छावणीतून मारलेल्या माणसांचे अवयव तिथे तपासणीसाठी येत. इमारतीवर तसा फलक आहे, तो पूर्ण वाच. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात आपण हिंडलो होतो, तिथेच इरावतीबाईंनी १९३९ पासून अध्यापन केले. त्या कामाचा पाया या इमारतीत घातला गेला होता.

शहराच्या मध्यभागी हुम्बोल्ट विद्यापीठ आहे. इरावतीबाईंची पदवी याच विद्यापीठाची, तेव्हा त्याचे नाव वेगळे होते. त्याच्या समोरच्या बेबेल चौकात १० मे १९३३ रोजी पुस्तके जाळली गेली, म्हणजे बाई परत गेल्याला फार वर्षे झाली नव्हती. पुस्तके आणून टाकणाऱ्यांत विद्यार्थीच पुढे होते, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे आणि मुले दरवर्षी अवाक होत. चौकातल्या फरसबंदीत एक काच बसवली आहे. वाकून पाहिलेस तर खाली पांढऱ्या, रिकाम्या फळ्यांची खोली दिसेल. सुमारे वीस हजार पुस्तके मावतील एवढी तिथे जागा ठेवलेली आहे.

वायमारला जाशील तेव्हा सकाळ गावात आणि दुपार डोंगरावर घालव. गटे आणि शिलर हे थोर जर्मन कवी या गावात राहिले. कालिदासाचे शाकुंतल भाषांतरातून वाचून गटे भारावून गेले आणि त्यांनी त्यावर चार ओळींची कविता लिहिली. सन १९१९ मध्ये बाउहाउस ही कलाशाळाही इथेच निघाली. आणि याच गावाच्या स्थानकावरून सहा क्रमांकाच्या बसने थोड्या वेळात एटर्सबर्गच्या माथ्यावर पोचता येते, जिथे १९३७ मध्ये बुखेनवाल्डची छावणी बांधली गेली आणि छप्पन्न हजारांच्या आसपास माणसे मेली. फाटकावरची लोखंडी अक्षरे आतल्या कैद्याला सुलट वाचता येतील अशी बसवलेली आहेत आणि वरचे घड्याळ सुटकेच्या वेळेवर, सव्वातीनवर थांबवून ठेवले आहे. थोर कविता आणि ही छावणी एकाच गावाच्या हद्दीत कशी नांदली, याचे समाधानकारक उत्तर मला वर्गात कधी देता आले नाही. पण हा प्रश्न पुस्तकातून पडणे आणि त्या बसमधून उतरताना पडणे यांत अंतर आहे, आणि म्हणून तुला तिथे जायला सांगते.

प्रागची गाडी एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते, तेव्हा खिडकीची जागा धर. कार्लचा पूल पहाटे बघ, नंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते असे ऐकते. प्रागमधला एक पूर्ण दिवस मात्र ज्यू वस्तीसाठी राखून ठेव. तिथल्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हियातल्या मारल्या गेलेल्या सुमारे ऐंशी हजार ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. वरच्या मजल्यावर, नाझींनी टेरेझिन गावी ज्यूंसाठी केलेल्या वस्तीत कोंडलेल्या मुलांची चित्रे आहेत, आणि ती ज्यांच्यामुळे उरली त्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांच्याविषयी तुला सांगायलाच हवे. त्या वायमारच्या बाउहाउसमध्ये शिकलेल्या चित्रकार. टेरेझिनला नेताना माणशी पन्नास किलो सामानाची मुभा होती. बाईंनी त्यात चित्रकलेचे सामान भरले आणि तिथे दाटीवाटीच्या खोल्यांत मुलांचे वर्ग घेतले. कागद नसेल तेव्हा मुले कचेरीतल्या पाठकोऱ्या कागदांवर चित्रे काढीत. प्रत्येकाने चित्रावर आपले नाव घालायचे, हा त्यांचा आग्रह असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना आउशविट्झला नेऊन मारण्यात आले. मागे राहिलेल्या दोन सुटकेसमध्ये सुमारे साडेचार हजार चित्रे होती. चित्रे काढणाऱ्या मुलांपैकी मोजकीच वाचली.

शिक्षिका म्हणून जगात कोणाविषयी मला सर्वांत जास्त आदर वाटत असेल, तर तो या बाईंविषयी. मला ती चित्रे प्रत्यक्ष पाहायला मिळतील की नाही ठाऊक नाही, माझे गुडघे आता लांबचा प्रवास करू देतील असे वाटत नाही. तू पाहा आणि एकेका चित्राखालचे नाव व वय वाच. फोटो नाही काढलेस तरी चालेल, पण कोणत्या चित्रात काय होते ते मला सविस्तर लिही.

वेळ उरला तर प्रागहून व्हिएन्नाला जा आणि ऑपेरागृहात उभ्याने ऐकण्याचे स्वस्त तिकीट मिळते ते घे, तुझ्या गाण्याच्या कानाला ते फार आवडेल.

आता व्यवहाराचे. पासपोर्ट आणि जर्मनीचे निवासपत्र दोन्ही जवळ बाळग, फक्त मोबाइलमधल्या फोटोंवर विसंबू नकोस. त्या निवासपत्रावर शेंगेन करारातल्या युरोपीय देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येते, पण लंडनला त्यावर जाता येत नाही, तेव्हा तुझ्या मैत्रिणीने सुचवलेला तो फाटा वेगळा व्हिसा काढल्याशिवाय तक्त्यात धरू नका. तुमचे विद्यार्थ्यांचे तिकीट जर्मनीतल्या साध्या प्रादेशिक गाड्यांना चालते, जलद आयसीई गाड्यांना चालत नाही. वायमारला त्यावर सावकाश जाता येईल, प्रागसाठी निराळे तिकीट आधी काढलेस तर स्वस्त पडेल. मार्चमध्येही तिकडे थंडी असते, म्हणून आजीने विणलेला स्वेटर ठेवून जाऊ नकोस. रात्री उशिरा पोचणारी गाडी घेऊ नका आणि वसतिगृहाचा पत्ता आम्हाला आधी कळव.

मैत्रिणींना हा बदल पटला नाही तर त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांनी पॅरिसला जावे, तू बर्लिन-प्राग कर आणि शेवटचे दोन दिवस त्यांना म्युनिकला गाठ, तेही जमण्यासारखे आहे. नवा तक्ता ठरला की बाबांना पाठव. ते गाड्यांच्या वेळा स्वतः तपासणार म्हणून वही काढून बसले आहेत आणि रक्कम त्याच आठवड्यात तुझ्या खात्यात भरतील.

तुझी,
आई