बिल इव्हान्सची बोळवण

महोदय,
रविवार पुरवणीतील जॅझवरचा लेख आवडला, पण त्यात बिल इव्हान्सची ‘माइल्स डेव्हिसचा पियानोवादक’ एवढ्यावरच केलेली बोळवण खटकली. ट्रम्पेटवादक डेव्हिसच्या ताफ्यात तो १९५८ मध्ये काही महिनेच होता. १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमसाठी डेव्हिसने त्याला पुन्हा बोलावून घेतले. (त्यातल्याही ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या रचनेत पियानोवर विंटन केली हा दुसराच वादक आहे!)

न्यू जर्सीत जन्मलेल्या इव्हान्सचा पाया पाश्चात्त्य अभिजात संगीताचा. देबुसी, रावेल या फ्रेंच संगीतकारांची छाया त्याच्या वादनात जाणवते. खरी कमाल आहे ती त्याच्या त्रिकुटात. बासवर (खर्जातले मोठे तंतुवाद्य) स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. इथला बास नुसता ठेका धरून बसत नाही, पियानोशी सवाल-जवाब करतो. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लबात झालेले ध्वनिमुद्रण जरूर ऐकावे. श्रोत्यांची कुजबुज, ग्लासांची किणकिण सगळे त्यात आले आहे. त्यानंतर अकराव्या दिवशी लाफारो मोटार अपघातात गेला. वय अवघे २५. इव्हान्सने कित्येक महिने पियानोला जवळपास हात लावला नाही.

पुढे एडी गोमेझने त्याला बासवर ११ वर्षे साथ दिली. १९६३ मध्ये तर इव्हान्सने स्वतःचेच तीन पियानो एकावर एक मुद्रित केले. माझ्या मते तिथे जरा गर्दीच झाली, पण ग्रॅमी मिळाले. मार्क जॉन्सन (बास) आणि जो लाबारबेरा (ड्रम्स) यांच्यासोबतच्या त्याच्या अखेरच्या त्रिकुटावर लेखकाने सवडीने जरूर लिहावे.

– एक वाचक, ठाणे