कोलफॅक्सचा फलक आणि अमेरिकेची पाठ्यपुस्तके

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील शाळांमधून इतिहास कसा शिकवावा यावरून तिथे जो वाद पेटला आहे, त्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून येत असतात. त्या वाचताना असा समज होतो, की आजवर सारे सुरळीत चालले होते आणि गेल्या सात-आठ वर्षांत कुणी डाव्या प्राध्यापकांनी किंवा उजव्या राज्यकर्त्यांनी त्यात राजकारण घुसवले. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, आणि निवृत्तीनंतर अमेरिकेतील यादवी युद्ध (गुलामगिरीवरून फुटलेली दक्षिणेतली राज्ये आणि उत्तर यांच्यातले, 1861-65) व त्यानंतरचा काळ हाच माझ्या वाचनाचा विषय राहिला आहे. तेवढ्या आधारावर नम्रपणे सांगतो, की हा समज खरा नाही. अमेरिकेच्या इतिहासलेखनातला सर्वांत खोल रुजलेला पक्षपात शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो नामांकित विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी व सरकारमान्य पाठ्यपुस्तकांतून मुलांपर्यंत पोहोचला.

लुइझियाना राज्यात कोलफॅक्स नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या न्यायालयाच्या आवारात 1950 पासून धातूचा एक सरकारी फलक उभा होता. त्यावरचा मजकूर असा: या जागी कोलफॅक्सची दंगल झाली, तीत तीन गोरे आणि दीडशे निग्रो मारले गेले, 13 एप्रिल 1873 च्या या घटनेने दक्षिणेतील उपऱ्यांच्या (म्हणजे युद्धानंतर उत्तरेतून आलेल्यांच्या) कुशासनाचा शेवट झाला. आता प्रत्यक्ष काय घडले ते पाहा. 1872 च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर तिथले कृष्णवर्णीय नागरिक न्यायालयाची इमारत राखून बसले होते. ईस्टरच्या रविवारी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने तोफ आणून हल्ला केला, इमारतीला आग लावली, आणि शरण आलेल्यांनाही संध्याकाळनंतर गोळ्या घातल्या. मृतांचे अंदाज 60 पासून 150 पर्यंत आहेत. खटल्यात दोषी ठरलेले मोजके आरोपीही 1876 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुटले. फलकावर एकही तारीख खोटी नाही, मेलेल्यांचा आकडासुद्धा लपवलेला नाही. तरीही कत्तलीला ‘दंगल’ म्हटले आणि निवडून आलेल्या राजवटीला ‘कुशासन’ म्हटले, एवढ्यानेच मारेकरी उद्धारक ठरले. हा फलक मे 2021 मध्ये काढला गेला. सत्तर वर्षे त्या गावातली मुले, गोरी आणि काळी दोन्ही, तो वाचत शाळेत गेली.

याच 1873 साली इकडे पुण्यात महात्मा जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी जे औदार्य दाखवले, त्याच्या सन्मानार्थ जोतीरावांनी ते पुस्तक त्यांना अर्पण केले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. जोतीराव ज्या अमेरिकेकडे आशेने पाहत होते, ती युद्धोत्तर पुनर्रचनेची अमेरिका होती. गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती 1865 मध्ये, नागरिकत्व देणारी चौदावी 1868 मध्ये आणि मताधिकार देणारी पंधरावी 1870 मध्ये झाली. 1870 मध्येच मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. दक्षिणेत सार्वजनिक शाळांची व्यवस्था खऱ्या अर्थाने उभी राहिली तीही याच काळात. 1877 पर्यंत हा प्रयोग मोडून काढण्यात आला, आणि कोलफॅक्स हा त्या मोडतोडीतला एक टप्पा होता.

मोडतोड झाल्यावर तिचा इतिहास लिहिला गेला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एकेका दक्षिणी राज्यावर ग्रंथ लिहिले. दप्तरखान्यांतली कागदपत्रे, तळटीपा, संदर्भ, सगळे यथासांग होते. त्यांचा निष्कर्ष असा, की कृष्णवर्णीयांना मताधिकार देणे हीच मुळात चूक होती, उत्तरेतून गालिच्याच्या कापडाची पिशवी घेऊन आलेल्या लुटारूंनी त्यांना हाताशी धरून दक्षिण नागवली, आणि गोऱ्यांनी सत्ता परत घेतली तेव्हा कुठे घडी नीट बसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात ज्या कोलंबियात शिकत होते, तिथेच तेव्हा डनिंग शिकवत होते, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. पुढे 1946 मध्ये बाबासाहेबांनी ज्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांपुढील अर्जाची प्रत मागितली, त्याच ड्यू बॉईस यांनी 1935 मध्ये डनिंगच्या परंपरेला उत्तर देणारा मोठा ग्रंथ लिहिला होता. निग्रो हा इतरांसारखाच सामान्य माणूस आहे असे धरून मी ही हकीकत सांगणार आहे, असे त्यांना वाचकाला आरंभीच सांगावे लागले. शेवटच्या प्रकरणात त्यांनी शाळांतली पाठ्यपुस्तके तपासून इतिहासाच्या नावाखाली कसला प्रचार चालला आहे ते दाखवले. अमेरिकन इतिहासकारांच्या प्रमुख नियतकालिकाने या ग्रंथाचे परीक्षणही छापले नाही.

विद्यापीठाचे काम असे झाले, आणि शाळांचे काम यादवी युद्धात लढलेल्या दक्षिणेतल्या सैनिकांच्या कन्यांच्या संघटनेने केले. 1894 मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेच्या इतिहास-प्रमुख राहिलेल्या मिल्ड्रेड रुदरफोर्ड यांनी पाठ्यपुस्तके तपासण्यासाठी एक मोजपट्टीच छापून दिली. दक्षिण आपले गुलाम राखण्यासाठी लढली असे जे पुस्तक सांगेल ते नाकारा; मालक गुलामांशी क्रूरपणे वागत असे म्हणणारे नाकारा; लिंकनचा गौरव आणि फुटलेल्या दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याची निंदा करणारे नाकारा. ग्रंथपालांनी अशा पुस्तकांवर ‘दक्षिणेवर अन्याय करणारे’ असे लिहून ठेवावे, अशीही सूचना होती. प्रकाशकांना पुस्तके खपवायची होती, दक्षिणेतल्या राज्यांमध्ये सरकारी समित्या पुस्तके मंजूर करत होत्या, आणि त्यामुळे ही मोजपट्टी पुष्कळ वर्षे चालली.

ती किती वर्षे चालली, याचे एक उदाहरण देतो. 1974 मध्ये जेम्स लोवेन आणि चार्ल्स सॅलिस यांनी मिसिसिपी राज्याच्या इतिहासाचे शालेय पुस्तक संपादित केले. राज्याच्या समितीने ते नाकारले, म्हणून लेखक न्यायालयात गेले. झुंडीने जाळून मारलेल्या माणसाचे छायाचित्र पुस्तकात होते, त्यावर समितीच्या एका सदस्याचा आक्षेप होता. असे प्रकार आता घडत नाहीत, मग ते वर्गात कशाला दाखवायचे, असे ते म्हणाले. तेव्हा न्यायाधीशांनी त्यांना विचारले, की हे इतिहासाचेच पुस्तक आहे ना? 1980 मध्ये निकाल लेखकांच्या बाजूने लागला.

अलीकडच्या प्रकरणांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. अमेरिकेत राष्ट्रीय अभ्यासक्रम नाही, प्रत्येक राज्य आपापला ठरवते, आणि टेक्सास व कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यांच्या पसंतीनुसार एकाच प्रकाशकाचे एकच पुस्तक दोन रूपांत छापले जाते. नागरिकांच्या हक्कांच्या सनदेतील शस्त्र बाळगण्याच्या कलमाशेजारी कॅलिफोर्नियाच्या आवृत्तीत न्यायालयांनी काही निर्बंध मान्य केल्याची टीप होती, आणि टेक्सासच्या आवृत्तीत त्याच जागी कोरा समास होता, असे 2020 मध्ये वृत्तपत्रांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून दाखवले. 2015 मध्ये टेक्सासमधल्या एका शाळकरी मुलाने भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशाचे छायाचित्र आपल्या आईला पाठवले. नकाशा स्थलांतराच्या प्रकरणात होता, आणि खाली लिहिले होते, की अटलांटिक गुलाम-व्यापाराने आफ्रिकेतून दशलक्षावधी ‘कामगार’ दक्षिणेतल्या मळ्यांवर काम करायला आणले. पकडून, साखळदंडात बांधून आणलेली माणसे कामगार कशी? शिवाय आफ्रिकेतून जहाजांवर चढवलेल्या सव्वा कोटी माणसांपैकी थेट उत्तर अमेरिकेत उतरवली गेलेली जेमतेम चार लाख होती, म्हणजे ते वाक्य आकड्यातही फसलेले होते. बोभाटा झाल्यावर प्रकाशकाने चूक मान्य केली आणि छापील प्रतींवर चिकटवायला दुरुस्तीच्या चिठ्ठ्या देऊ केल्या.

पक्षपात एकाच बाजूचा असतो असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट 2019 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने गुलामगिरीला केंद्रस्थानी ठेवून अमेरिकेच्या इतिहासाची जी मांडणी प्रसिद्ध केली, तीत वसाहतवाल्यांनी स्वातंत्र्य पुकारण्यामागे गुलामगिरी टिकवणे हे एक प्रमुख कारण होते, असे सरसकट विधान होते. ते पुराव्याच्या पुढे गेलेले होते. लेस्ली हॅरिस या इतिहासकार बाईंनी छापण्याआधीच त्याबद्दल सावध केले होते, आणि त्या तर त्या उपक्रमाच्या हेतूला अनुकूल होत्या. गॉर्डन वुड, जेम्स मॅकफर्सन यांच्यासह पाच इतिहासकारांनी डिसेंबरमध्ये जाहीर आक्षेप घेतला. मार्च 2020 मध्ये ‘काही वसाहतवाल्यांनी’ अशी दुरुस्ती झाली. दुरुस्तीला इतका उशीर व्हायला नको होता, पण सात महिन्यांत दुरुस्ती झाली, कारण आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर द्यायची जबाबदारी छापणाऱ्यावर होती आणि तिसऱ्या कुणालाही त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहायची मोकळीक होती.

सरकार स्वतः इतिहास सांगू लागते तेव्हा ही वाट बंद होते, आणि माझी खरी काळजी तिथे आहे. जानेवारी 2021 मध्ये ट्रम्प प्रशासनाच्या आयोगाने देशभक्तिपर इतिहासाचा अहवाल काढला, त्याला तळटीपाही नव्हत्या. दोनच दिवसांनी बायडन यांनी आयोग बरखास्त केला. अध्यक्ष बदलला की इतिहास बदलतो, हे मुलांनी काय शिकायचे? 2023 मध्ये फ्लोरिडाच्या शिक्षण मंडळाने अभ्यासक्रमात असे वाक्य घातले, की गुलामांनी कौशल्ये मिळवली आणि काही वेळा ती त्यांना स्वतःच्या फायद्यासाठी वापरता आली. कुणा एका गुलाम लोहाराच्या बाबतीत हे खरे असेलही. परंतु हे वाक्य राज्याच्या अभ्यासक्रमात बसले, की शिक्षकाला ते शिकवावे लागते आणि मुलाला उत्तरपत्रिकेत लिहावे लागते. मी स्वतः तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत; पुस्तकातले वाक्य चुकीचे आहे हे ठाऊक असूनही, जसेच्या तसे लिहिणाऱ्या मुलाचे गुण मला कापता येत नसत. मार्च 2025 मध्ये तर स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेच्या संग्रहालयांमधून ‘अनुचित विचारसरणी’ काढून टाकण्याचा आदेश राष्ट्राध्यक्षांनीच काढला, आणि काय अनुचित हे ठरवण्याच्या कामी उपराष्ट्राध्यक्षांना नेमले. कोलफॅक्सचा फलकही सरकारनेच उभारला होता, आणि म्हणूनच तो सत्तर वर्षे हलला नाही.

उपाय अवघड नाही, आणि तो अमेरिकेतल्या कितीतरी शिक्षकांनी वर्गात वापरून पाहिलेला आहे. 1860-61 मध्ये दक्षिण कॅरोलिना, मिसिसिपी, जॉर्जिया आणि टेक्सास ही राज्ये संघराज्यातून फुटली, तेव्हा त्यांनी आपली कारणे सांगणारे सविस्तर जाहीरनामे काढले. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात दुसऱ्याच परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे, की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित आहे आणि ती जगातली सर्वांत मोठी आर्थिक हितसंबंधांची बाब आहे. हा कागद मुलाच्या हाती दिला, शेजारी रुदरफोर्डबाईंची मोजपट्टी ठेवली आणि त्याच्याही शेजारी टेक्सासच्या 2010 च्या अभ्यासक्रमातली, युद्धाच्या कारणांत प्रादेशिक अस्मिता व घटकराज्यांचे हक्क आधी आणि गुलामगिरी शेवटी लिहिणारी ओळ ठेवली, तर चौदा वर्षांच्या मुलाला काय समजायचे ते समजते. टेक्सासने 2018 मध्ये ती ओळ बदलून गुलामगिरीच्या विस्ताराला मध्यवर्ती स्थान दिले, तेही मूळ कागद सारखे समोर आणले गेल्यामुळेच, असे मला वाटते.

म्हणून आपणास एक विनंती आहे. या वादाच्या बातम्या देताना कोणत्या पक्षाचा पुढारी काय म्हणाला एवढ्यावर न थांबता, ते चार जाहीरनामे आणि कोलफॅक्सच्या फलकाचा मजकूर मराठीत करून आपल्या रविवारच्या पुरवणीत छापावा. मिसिसिपीच्या जाहीरनाम्याचा अनुवाद मी करून ठेवला आहे. जुन्या कायदेशीर इंग्रजीतल्या तीन-चार शब्दांवर अजून अडलो आहे, ते एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावे लागतील. आपण कळवल्यास प्रत पाठवतो.

आपला,
एक निवृत्त इतिहास-शिक्षक, सातारा