दोन सायकलींपैकी कोणती

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन्ही इलेक्ट्रिक सायकलींचे तपशील नीट वाचले. पहिलीत मागच्या चाकात मोटर (हब मोटर), ३६ व्होल्ट ७.८ अँपिअर-अवरची बॅटरी, आणि ‘एका चार्जमध्ये ६० किलोमीटर’ असा दावा. दुसरीत मोटर पेडलपाशी (मिड-ड्राइव्ह), बॅटरी ३६ व्होल्ट १४ अँपिअर-अवर. तुझा प्रश्न मोटरचा आहे, चाकातली बरी की पेडलपाशी, पण माझ्या मते तुझ्या कामाला मोटर हा दुय्यम मुद्दा. आधी बॅटरी बघू.

व्होल्टला अँपिअर-अवरने गुणलं की वॅट-अवर येतात. सायकलींची तुलना या आकड्यावरच करायची. पहिलीचे २८१, दुसरीचे ५०४. आता २८१ ला ६० ने भाग: किलोमीटरला ४.७ वॅट-अवर. इतक्या कमीत सायकल चालते ती सपाट रस्त्यावर, वारा नसताना, हलक्या माणसाची, मोटरची मदत सगळ्यात कमी ठेवून. पाठीवर बॅग, वाटेत सिग्नल आणि शेवटी चढ असताना १२ ते १४ धरून चाल. तुझं जाणं-येणं २२ किलोमीटर, म्हणजे १४ च्या हिशेबाने ३०८. पहिली सायकल नवीकोरी असतानाच परतीच्या वाटेवर संपेल. शिवाय लिथियम बॅटरी साधारण ५०० ते १००० पूर्ण चार्जनंतर ८० टक्क्यांवर येते. दुसरीचे तेव्हाही ४०० च्या आसपास उरतात. नुसत्या थ्रॉटलवर (स्कूटरसारखी हँडलवरची मूठ पिळून), पेडल न मारता चालवलीस तर खर्च सहज दीडपट होतो, तेव्हा थ्रॉटल आहे की नाही यावर जीव टाकू नकोस.

आता चढ. शंभर मीटरला सहा मीटर चढणारा रस्ता धर. तू, बॅग आणि सायकल मिळून ९० किलो. ताशी १२ ने चढायला सुमारे २०० वॅट लागतात. त्यातले ८० तुझे पाय आरामात देतील, उरलेले १२० कोणतीही धड मोटर देते. म्हणून खोक्यावर ‘५०० वॅट’ छापलंय याला भुलू नकोस. तो बहुतेक वेळा काही सेकंदांचा कमाल आकडा असतो. सलग किती वॅट, ते विचार.

टॉर्कच्या, म्हणजे फिरवण्याच्या जोराच्या आकड्यांत तर आणखी गंमत आहे. हब मोटरचे ३० न्यूटन-मीटर चाकावर मोजलेले, मिड-ड्राइव्हचे ६० क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यापाशी मोजलेले. पुढची चकती ३८ दात्यांची आणि मागे ३४ ची लावलीस, तर त्या ६० चे चाकावर ५४ होतात. मागे ११ ची ठेवलीस तर जेमतेम १७, म्हणजे हबपेक्षाही कमी. मिड-ड्राइव्ह चढावर भारी पडते ती गिअर वेळेवर हलका केला तरच. आणि तो बदलताना पायाचा जोर क्षणभर सोडायचा. मोटरचं सगळं बळ चेनमधून जातं, भरल्या जोरात गिअर टाकला की चेन तुटते नाहीतर कॅसेटचे, म्हणजे मागच्या चकत्यांचे दाते झिजतात. चेन एरवीही लवकर झिजते.

हबमध्ये हा त्रास नाही, पण मागचं पंक्चर काढणं कटकटीचं. मोटरची वायर सोडवा, दोन्ही बाजूंचे जाड नट काढा, आणि बसवताना आसाचे खास वॉशर जसे होते तसेच बसवा. ते उलटे बसले किंवा नट ढिले राहिले तर मोटरच्या जोराने आसच खाचेत फिरतो आणि वायर पिळून तुटते. शिवाय मागच्या चाकाचे आरे ढिले पडतात; पहिल्या काही आठवड्यांनी ते एकदा ताणून घ्यावेच लागतात.

ज्यावर तू काहीच विचारलं नाहीस, तो सेन्सर मात्र रोज जाणवेल. पहिलीत कॅडन्स सेन्सर आहे. पेडल फिरतंय की नाही एवढंच त्याला कळतं. त्यामुळे चढावर थांबून निघताना पेडल थोडं फिरेपर्यंत मदत येत नाही, आणि येते तेव्हा एकदम ढकलते. पेडल थांबवल्यावरही क्षणभर ढकलतच राहते, म्हणून अशा सायकलीत ब्रेक ओढताच मोटर बंद करणारा स्विच हवाच. दुसरीतला टॉर्क सेन्सर पायाचा जोर मोजतो आणि त्या प्रमाणात मदत देतो. गर्दीत हळू चालवताना हा फरक फार मोठा आहे.

तेव्हा माझं मत दुसरीला, पण मिड-ड्राइव्हसाठी नव्हे. मोठ्या बॅटरीसाठी आणि सेन्सरसाठी. एवढीच बॅटरी आणि टॉर्क सेन्सर असलेली हब मोटरची सायकल मिळाली, तर तुझ्या रस्त्याला तीही तितकीच चालेल आणि चेन जास्त टिकेल. चढ दहा टक्क्यांच्या वर असेल तर मात्र मिड-ड्राइव्हच. ब्रेक हायड्रॉलिक डिस्कच घे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे. केबलचे चालतात, पण सारखे ओढून घ्यावे लागतात.

चालवून बघताना दुकानदार भरलेल्या बॅटरीची सायकल पुढे करेल. तू ३०–४० टक्क्यांवर असलेली माग, कारण बॅटरी उतरली की व्होल्टेज पडतं आणि चढावरचा खरा दम तेव्हा कळतो. चढावर मध्येच थांब आणि पुन्हा निघ. मग मोटर बंद करून अर्धा किलोमीटर चालव. रस्त्यात बॅटरी संपली तर हीच सायकल तुला घरी आणायची आहे. शेवटी बॅटरी काढून सायकल उचलून बघ. वजन २४ किलो असेल तर बॅटरीचे तीनेक किलो जाऊनही जिन्यावर दम लागतो.

चार्जर सायकलीबरोबर आलेलाच वापरायचा. ३६ व्होल्टची बॅटरी ४२ ला भरते, ४८ ची ५४.६ ला, पिन बसली म्हणून दुसऱ्याचा चार्जर लावला तर आग लागू शकते. २ अँपिअरच्या चार्जरने दुसरीला सात-आठ तास लागतील. म्हणून रात्री लावून झोपण्याचा मोह होईल, तो टाळ. संध्याकाळी जागी असताना लाव, दाराच्या वाटेत किंवा पलंगाखाली नको. चालवून आल्यावर बॅटरी गार होऊ दे, मगच लाव. फुगलेली, वास येणारी किंवा पडून चेपलेली बॅटरी चार्ज करायचीच नाही. महिनाभर वापरणार नसशील तर निम्मी भरून ठेव. आणि सायकल धुताना पाण्याचा जोराचा फवारा नको, ओल्या फडक्याने पूस.

बिलावर बॅटरीची वॉरंटी वेगळी लिहून घे: किती वर्षं, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल. नवी बॅटरी सुटी मिळते का आणि केवढ्याला, हे पैसे देण्याआधीच विचार. ती मिळत नसेल तर दुसरी सायकलही सोडून दे. दुकानात जाशील तेव्हा बॅटरीवरच्या लेबलचा फोटो पाठव. त्यावर बनवल्याची तारीख असेल तर बघता येईल. वर्ष-दीड वर्ष नुसती पडून राहिलेली बॅटरी नव्याच्या भावात घ्यायची नाही.

तुझा,
बाबा