गाणे सुंदर का वाटते, हेही शिबिरात शिकवावे

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

सिंधुदुर्गातील भजनी बुवा आणि दशावतारी कलावंत यांच्यासाठी शासन जेव्हा प्रशिक्षण शिबिर भरवते, तेव्हा रागांची ओळख आणि तालाची तयारी यांच्या जोडीला संगीताच्या सौंदर्यविचारासाठीही एक सत्र राखून ठेवावे, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

हा विषय विद्यापीठातील पंडितांचा, असे कोणी म्हणेल. दशावतारात मात्र तो दर रात्री समोर उभा राहतो. तेथे लिखित संहिता नसते. पायपेटीवर (पायाने भाता हलवायच्या हार्मोनियमवर) बसलेले बुवा नटाच्या बोलण्याकडे आणि हालचालीकडे डोळा ठेवून जागच्या जागी चाल ठरवतात आणि राक्षसपार्टीच्या (राक्षस रंगवणाऱ्या नटाच्या) प्रवेशाला धरलेली चाल स्त्रीपार्टीच्या (स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाच्या) विलापाला लावत नाहीत. कोणता स्वर कोणत्या रसाला, हा प्रश्न भरताने नाट्यशास्त्रात मांडला आहे: षड्ज-ऋषभ वीर, रौद्र आणि अद्भुताला, गांधार-निषाद करुणाला, धैवत बीभत्स आणि भयानकाला. ही वाटणी जातिगायनातील, म्हणजे रागांच्या आधीच्या प्राचीन गानपद्धतीतील स्वरांची, आजच्या पेटीच्या पट्ट्यांची नव्हे. म्हणूनच ती बुवांसमोर ठेवावी आणि त्यांना तिच्याशी वाद घालू द्यावा. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी हिशेबाचे खाते सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ लिहिला. शासकीय सेवेत राहूनही अशी कामे होत असत, हे जाता जाता नमूद करतो.

डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवा शब्द सोडून नुसत्या आलापावर आले, तरी मंडपात माना डोलतात. मग भाव अभंगाच्या शब्दांत होता की सुरांच्या चालण्यात? एदुआर्द हान्सलिक या संगीतसमीक्षकाने १८५४ मध्ये व्हिएन्नात असे प्रतिपादन केले, की भावना जागवणे हे संगीताचे प्रयोजन नव्हे आणि नादाच्या गतिमान आकृती हाच त्याचा आशय होय. आमच्या वारकरी मनाला हे पटणे कठीण आहे, पण त्याला उत्तर देताना भजनाविषयीची आपली समज नक्कीच पक्की होईल.

सौंदर्याचा निर्णय वरून लादला की काय होते, याचा दाखला घरचाच आहे. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) निघत नाही आणि श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म नाद) सापडत नाहीत, या कारणांवरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी केली आणि ती तीसेक वर्षे टिकली. आक्षेप शास्त्राला धरून होता, तरीही गावोगावचे भजन पेटीवरच उभे राहिले. या प्रकरणाची दोन्ही बाजूंनी चर्चा शिबिरात व्हावी आणि तीही मराठीतून, पेटी समोर ठेवून.

शासकीय भजन स्पर्धांच्या बाबतीत आणखी एक मागणी आहे. गुणपत्रिकेत सूर, ताल, शब्दोच्चार असे रकाने भरले जातात, पण एक बारी दुसरीपेक्षा सरस का ठरली, ते मंडळाला कधीच कळत नाही. परीक्षकांनी गुणांसोबत चार ओळींचे कारण लिहून द्यावे, असा आदेश आपल्या विभागाने यंदाच्या स्पर्धांपूर्वी काढावा.

आपला,
कुडाळ तालुक्यातील एक भजनप्रेमी