नाना, स्टुलावर चढायच्या आधी हे वाचा

ती. नाना आणि माय,
सा. नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर नाना स्टुलावर उभे राहून वरच्या फळीवरचे पितळी डबे उतरवत होते आणि मागून मायचा आवाज, "मिस्तरीनी वाट कितली देखवानी", तेव्हापासून माझं लक्षच लागेना, म्हणून रात्री बसून लिहितेय. तुम्हाला अडवायला नाही लिहीत हां, उलट तुम्ही दोघं मिळून किचन करताय याचा मला खूप आनंद झालाय. अडसष्टाव्या वर्षी माणूस रंगाचा डबा आणतो म्हणजे त्याला त्या घरात अजून खूप जेवायचंय.

इथे इंग्लंडात, लीड्सला आमच्या शेजारचे आजी-आजोबा, ते चौऱ्याहत्तर त्या एकाहत्तर, मार्चमध्ये त्यांनी सगळं किचन स्वतः केलं. इथे मजुरी इतकी महाग की लोक शनिवार-रविवार हेच करतात. पण त्यांनी नवीन काही बसवलं नाही, जुन्याच कपाटांचे दरवाजे काढले, प्रत्येकावर टेप लावून नंबर टाकला, बिजागऱ्या आणि स्क्रू त्याच नंबरच्या डबीत, आणि सगळे दरवाजे गॅरेजमध्ये टेबलावर आडवे ठेवून खुर्चीवर बसून रंगवले. नाना, मला हेच सांगायचंय, दरवाजा उभा ठेवून स्टुलावर चढून रंगवू नका, काढून खाली घ्या. मानेचा त्रास तुम्हाला आहेच, हात वर करून अर्धा तास ब्रश मारला की चक्कर येते. वरच्या भिंतीचं आणि छताचं काम भाच्याला सांगा, त्याला येऊ द्या एक रविवार.

रंगाआधी धुणं. हे मी स्वतः शिकलेय. मागच्या वर्षी मी आमच्या घरातला एक दरवाजा नुसता पुसून रंगवला, दोन महिन्यांत हँडलजवळ कांद्याच्या पातीसारखा सुटत गेला, सगळा खरवडून परत करावा लागला. आपल्याकडे तर तीस वर्षांची फोडणी बसलीय, शेवभाजीची तर्री, लसणाची चटणी, सगळ्याचं तेल वाफेबरोबर त्या दरवाजांवर. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून घासा (माय, हातमोजे घालून), साध्या पाण्यानं पुसा, एक दिवस वाळू द्या, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग रंगाचे दोन पातळ हात. जाड एक हात मारायचा मोह होतो पण तो मारू नका. आणि आत्ता मे आहे, दुपारी ४५ डिग्रीत रंग ब्रशलाच सुकतो, सकाळी दहाच्या आत काय ते करा आणि मृग लागायच्या आत संपवा, दमट हवेत वाळतच नाही. नाहीतरी श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी घर रंगवायचंच असतं ना, तर यंदा किचन आधी उरकून घ्या.

माय, आता तुझं. इथले ओटे सरसकट ३६ इंच उंच, मला भाकरी थापताना खांदे वर उचलावे लागतात, रात्री मान दुखते. तुझा ओटा नवीन होतोय तर सुतार म्हणेल ते ३४ इंच घेऊन मोकळी होऊ नकोस. चपला घालून ताठ उभी राहा, कोपर वाकव, नानांना जमिनीपासून कोपरापर्यंत टेपनं मोजायला लाव, त्यातून चार इंच वजा कर, तो तुझा ओटा. भाकरीच्या जागेला अजून एखाद-दोन इंच कमी चालेल. "माले आते वाकाले जमत नही" असं तू म्हणतेस ना, मग खालच्या कपाटाला फळ्या नकोतच, बाहेर ओढायचे ड्रॉवर कर, डाळी आणि पीठ कमरेच्या उंचीला ठेव आणि वर फक्त वर्षातून दोनदा लागणारं सामान. शेजारच्या आजींनी गोल मुठी काढून लांब हँडल लावले, बोटं दुखतात त्यांची, आता चार बोटं घालून ओढतात.

दोन कामांना मात्र हात लावायचा नाही, नाना, तुम्ही शाळेत फिजिक्स शिकवलंय तरी. गॅस आणि वायरिंग. इथे गॅसच्या कामाला रजिस्टर्ड माणूसच लागतो, कायदाच आहे तसा, आजोबा चाळीस वर्षं कारखान्यात काढलेले पण त्यांनीही शेगडी हलवायला माणूस बोलावला. आपला एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलेंडरच्या कपाटाला खाली जाळी हवीच, नुसती वर नको. शेगडी सिलेंडरच्या तोंडापेक्षा वर पाहिजे आणि ती नारंगी नळी पाच वर्षं झाली की बदलायची, तिच्यावर तारीख छापलेली असते, बघा आज. वायरमनला सांगून ३० मिलीअँपियरचं ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या, सिंकजवळ मिक्सर चालतो आपल्याकडे.

आणि जुन्या टाइल्स स्वतः फोडू नका. कोरडं कटर चालवलं की जी पांढरी धूळ उडते ती फुप्फुसात बसते, तुमचा दमा आहे. मिस्तरीला पाणी मारत कापायला सांगा आणि तेवढे दोन दिवस तुम्ही दोघं काकांकडे जा. इथे आजोबांनीही जमिनीच्या जुन्या टाइल्स काढल्या नाहीत, घर साठच्या दशकातलं, ॲसबेस्टॉसवर, म्हणजे ज्याचे तंतू फुप्फुसाला घातक त्या खनिजावर, इथे पूर्ण बंदी १९९९ ला आली, त्याआधीच्या टाइल्समध्ये ते असू शकतं म्हणून तपासून घेतलं, निघालं, मग त्यावरच नवीन फरशी टाकून दाबून ठेवलं.

बाकी इकडे सगळं ठीक. मुलं बरी आहेत, धाकटीला वांग्याचं भरीत आवडायला लागलंय पण आपल्यासारखं वांगं मिळत नाही.

आखाजीला यायला जमलं नाही, माय, त्याचं फार वाईट वाटलं. कानबाईला नक्की येतेय, सुट्टी मंजूर झालीय. मागच्या पडवीतली चूल काढू देऊ नकोस कुणाला, मांडे खापरावरचेच खायचेत. आणि कोपराचं माप उद्या व्हॉट्सॲपवर टाक.

तुमची,
ताई