घर उघडाल तेव्हा माळ्यावर चढून बघा

वाडीतल्या आणि मुंबईच्या सर्व मंडळींना नमस्कार.

गणपती जवळ आले. ज्यांची रेल्वेची तिकिटं झाली ते निवांत असतील, बाकीचे एसटीच्या मागे लागले असतील. बंद घरं झाडायला तुमच्यातले काही जण दोन दिवस आधी येतात. त्यांनी झाडू मारता मारता एक काम करावं, शाळेतल्या पोरांच्या गणितासाठी माळ्यावरची जुनी मापं शोधावीत, म्हणून हे लिहितोय. आपल्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीतर्फे हे आवाहन आहे. मी समितीचा अध्यक्ष, पण तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या दारं-खिडक्या मी बसवल्यात, त्यामुळे सुताराचं पत्र समजून वाचलंत तरी चालेल.

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी शाळेला गणिताच्या साहित्याची एक मोठी पेटी मिळाली. झाकणावर चकचकीत चित्र, आत ठोकळे, चकत्या, घड्याळ, खोटे पैसे. आम्ही काय केलं? नारळ फोडला, फोटो काढला आणि पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं. हरवलं तर भरून कोण देणार, ही भीती. मागच्या पावसाळ्यात कपाट उघडलं तेव्हा पुठ्ठ्याला वाळवी आणि ठोकळे जसेच्या तसे, पिशवीचं सीलसुद्धा न फोडलेलं. ज्या पोरांसाठी पेटी आली होती ती पोरं एव्हाना सहावी-सातवीला गेलीत.

म्हणून यंदा आम्हाला हरवलं तरी चालेल असं साहित्य हवंय. फुटलं तर जोडता येईल, कमी पडलं तर वाडीतच पुन्हा मिळेल, असं.

सुरुवात काड्यांपासून झाली. दुसरीतल्या एका पोरीला बाईंनी त्रेसष्ट लिहायला सांगितलं. तिने ३६ लिहिलं. पुसायला लावलं, पुन्हा ३६. मी खिडकीची बिजागरी बदलत होतो, सगळं ऐकत होतो. पोरगी चुकत नव्हती हो, ऐकत होती तसं लिहीत होती. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो आणि साठ नंतर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता, आठवतंय? व्हॉट्सअॅपवर थट्टा करणाऱ्यांत मीही होतो. त्या दिवशी खिडकीत उभं राहून थट्टा जरा महागात पडल्यासारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी बांबूच्या चिव्यांच्या दोनशे काड्या तासून दिल्या. दहा काड्यांना एक रबर, तो झाला दशकाचा गठ्ठा. सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या हातात आल्या तेव्हा त्याच पोरीने ६३ लिहिलं. मग एकोणसाठची गंमत निघाली. सहा गठ्ठे घ्या, त्यातली एक काडी काढा. ती काढायची तर एक गठ्ठा सोडावा लागतो. एकोण म्हणजे एक उणा, साठाला एक उणा. इतकी वर्षं मी हा शब्द बोलतोय, त्याच्या पोटात वजाबाकी आहे हे मला काड्यांनी सांगितलं. लगेच तिसरीतल्या एकाने विचारलं, एकोणनव्वद आहे तर मग एकोणशंभर का नाही, नव्व्याण्णव कशाला? गुरुजी माझ्याकडे बघायला लागले, मी रंध्याकडे.

तेव्हापासून आठवड्यातून दोन दुपारी शाळेच्या पडवीत गणिताचे खेळ चालतात. शाळेचा पट आहे एकोणीस, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. म्हणजे एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग रिकामा. त्या रिकाम्या वेळेला हे खेळ फार उपयोगी पडतात, कारण खेळात चौथीचा पोरगा पहिलीच्याला आपणहून सांगतो.

सागरगोटे तुम्ही सगळ्या खेळला असाल. चार खाली, एक वर. पहिल्यांदा एक-एक उचलायचा, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. पहिलीच्या पुस्तकात ‘चार किती प्रकारे मांडता येतील’ म्हणून जे असतं ते हेच. वरचा गोटा खाली यायच्या आत मांडावं लागतं, एवढाच फरक. आणि ते समुद्राकाठच्या काटेरी झुडपांवर फुकट मिळतात.

चिंचोक्यांवरून तर भांडणं झाली. चार चिंचोके एका बाजूने घासून पांढरे करायचे आणि फेकायचे. जेवढे पांढरे वर तेवढी घरं पुढे जायचं, चारही काळे पडले तर आठ. एकाला सारखे दोनच पडत होते, तो रडकुंडीला आला, म्हणाला चिंचोके खोटे आहेत. बाईंनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला रकाने आखले आणि शंभर वेळा फेकायला लावलं. दोनाची रांग सगळ्यांत लांब झाली, आठाची अगदी आखूड. चार चिंचोके पडण्याच्या सोळा तऱ्हा, त्यातल्या सहांत दोन पांढरे येतात आणि चारही काळे फक्त एकीत. पोरांना सोळा तऱ्हा मांडून बघायला पाऊण तास लागला. (आमचे चिंचोके सगळे सारखे घासलेले नव्हते हेही खरं. त्यावर वेगळी चौकशी चालू आहे.)

काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे जोडून आकार करायचे, हा खेळ अरविंद गुप्ता यांनी देशभर पोचवला. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत ते बरीच वर्षं मुलांसाठी अशीच टाकाऊतून खेळणी करत होते. चौकोन केला आणि दाबला की तो कलंडतो, त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. पहिलीतला एक बारका चौकोन दाबत बसला होता. दाबला, सरळ केला, पुन्हा दाबला. मग कुणी न सांगता त्याने दाबलेल्या चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एक काडी घातली आणि वर बघून म्हणाला, “काका, आता नाय मोडत.” मी त्याला छपराची कैची, म्हणजे छपराला खालून आधार देणारा लाकडी त्रिकोण, दाखवली. तीस वर्षं कैच्या जोडतोय, ती अशी का जोडतात हे मला कुणी विचारलं नव्हतं.

आता माळ्याकडे येऊ. तुमच्या आजा-पणज्याच्या वेळची धान्य मोजायची मापं, म्हणजे पायली, शेर, मापटं, चिपटं, कोळवं यातलं काही ना काही तुमच्या माळ्यावर नक्की आहे. पितळेचं, लोखंडाचं, नाहीतर लाकडी. चांगलं असेल तर मुंबईच्या घरात शोभेला नेलं असेल, पोचे आलेलं इथेच पडलंय. ते आम्हाला द्या. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पाव आणि अर्धा फळ्यावर गोल काढून शिकवता येतो, पण वाळूने चिपटं भरून मापट्यात ओतलं आणि बरोबर निम्म्यावर आलं की पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतील. सध्या आमच्याकडे एक शेर आहे आणि एक चिपटं, मधलं मापटं नाही. पूर्ण उतरंड जमली तर काय हवं. कायमचं द्यायला जीवावर येत असेल तर वर्षाच्या बोलीने द्या, तळाला नाव कोरून ठेवतो.

मुंबईहून येताना पिशवीत मावेल तेवढं आणा. जाड लग्नपत्रिका हव्यात. एका चौकोनी तुकड्यातून पाच त्रिकोण, एक चौकोन आणि एक तिरका चौकोन कापला की सात तुकड्यांचं कोडं तयार होतं. त्यातून मांजर, होडी, घर, हवं ते जुळवा. पत्रिकेवरचा गणपती कापायला पोरं तयार होत नाहीत, तेव्हा बिनचित्राची मागची बाजू मोठी असलेल्या पत्रिका बघा. बाटल्यांची बुचं चालतील. नऊ बुचांवर १ ते ९ लिहून उभी, आडवी, तिरकी बेरीज १५ आणायची, हा खेळ चौथीच्या पोरांनी गुरुजींच्या आधी सोडवला. शर्टाची बटणं, तराजू करायला लोखंडी हँगर, जुन्या सायकलच्या दुकानात मिळाली तर व्हॉल्व्ह ट्यूब.

कृपा करून आणू नका असंही सांगतो, राग मानू नये. टॅबलेट नको. सील केलेली किट नकोत. मंडळाच्या नावाचा फ्लेक्स तर अजिबात नको.

पैसे लागणार आहेत, पण थोडे. दोन प्लायवूडचे तक्ते, वीस माळांचे मणी (दहा लाल, दहा पिवळे असे शंभरापर्यंत), दोरी, रंग आणि पॉलिश पेपर मिळून अकरा हजारांचा अंदाज आहे. मजुरी शून्य, ती माझी. अडीच हजार वाडीच्या बचत गटाने दिलेत. राहिले साडेआठ. कुणा एकाने पूर्ण रक्कम देऊ नये अशी समितीची इच्छा आहे, घरटी थोडी थोडी यावी. पैसे शाळेत मुख्याध्यापकांकडेच द्या आणि पावती घ्या. कुणाच्या खासगी मोबाईलवर पाठवू नका, माझ्यासुद्धा नाही. खर्चाचा कागद दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या फलकावर लागेल.

प्लायवूडमधून काय करणार ते विचाराल. पहिल्यांदा ० ते ९ आकड्यांच्या पाट्या, खाचेत सरकणाऱ्या. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली जो खेळ जगापुढे मांडला तो चौथीला या पाट्यांवर खेळवायचाय. कुठलेही चार आकडे घ्या, फक्त चारही एकच नकोत, समजा ३, ५, २, ४. मोठ्यात मोठी संख्या ५४३२, लहानात लहान २३४५, वजा केले की ३०८७. त्याचं पुन्हा तसंच करा, ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ चं करून बघा, पुन्हा ६१७४ च येतं. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तिथे पोचताच. हातच्याच्या वजाबाकीची शंभर गणितं द्या, पोरं कंटाळतील. हे दिलं की घरी जायची घंटा झाली तरी उठत नाहीत. वहीवर आकडे लावताना गडबड होते, पाट्या सरकवताना होत नाही, म्हणून प्लायवूड.

वेळ देऊ शकणाऱ्यांसाठी ऋषिपंचमीचा दिवस ठेवलाय. ऋषीची भाजी खाऊन झाली की दुपारी तीनला शाळेच्या पडवीत जमायचं, भजनाला सुटू. पुरुषांनी पाट्या घासायच्या, मणी ओवायला कुणीही बसा. माहेरवाशिणींनी सागरगोट्यांचे राहिलेले नियम सांगावेत, कारण प्रत्येक घराचा नियम वेगळा निघतोय. आणि वाडीत ज्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी (पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे) अजून तोंडपाठ आहे अशी चार-पाच म्हातारी माणसं आहेत, त्यांना उचलून आणायची जबाबदारी नातवंडांची. मागे एका आजींनी पाऊणकी म्हणायला सुरुवात केली तेव्हा गुरुजींनी मोबाईलवर पडताळून बघितलं. आजी थांबल्या नाहीत, मोबाईलच मागे राहिला.

चिंचोके आणणार असाल तर अख्खे आणा. घासायचं काम पोरांनी स्वतःकडे ठेवलंय.

आपला,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती
(समितीच्या सर्व सदस्यांच्या वतीने)